भिकाजी गुरवाचं बोटीवरचं स्नान

मंडळी, आख्यान लावण्याआधी एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका, नाहीतर मला इथूनच घरी जावं लागेल.

एखाद्याची आपण सेवा केली. मनापासून केली, रोज केली, खाडा न करता केली. ती त्याला पोचली की नाही, हे कुणी सांगायचं? करणाऱ्याने, की ज्याची केली त्याने?

पेटीवाले मान हलवताहेत. त्यांना उत्तर ठाऊक आहे. ठाऊक असू द्या, पण पेटी हळू वाजवा.

आणि खांबाआड कोण बसलंय ते? गोदाआजी का? अहो, एवढं वय झालं आणि तुम्ही मागे बसायचं? वाट द्या मंडळी, आजींना पुढे येऊ द्या. या आजी. इथे, या कर्ण्याच्या अगदी खाली बसा. आता एक शब्द चुकायचा नाही. काय म्हणता? असू द्या आजी, आभार कसले मानता, हे तर आमचं कर्तव्य.

तर ऐका.

कोकणात वेळशेत नावाचं गाव. गावाचा देव भैरी, काळ्या दगडाची उभी मूर्ती, हातात तलवार, डोळे असे की चोराने पाहिलं तर आपणहून पोलीस चौकीत जाईल. या भैरीचा पुजारी भिकाजी गुरव. वय साठीच्या पुढे. अंगाने काटक, आवाज घंटेसारखा, आणि हात? हात म्हणजे वीज. पहाटे विहिरीचं पाणी शेंदायचा, कळशी खांद्यावर घेऊन तडक गाभाऱ्यात. पडदा ओढला. कालची फुलं काढली, पाणी ओतलं, पुसलं, वस्त्र नेसवलं, गंध लावलं, फूल ठेवलं, घंटा वाजली. घरी चुलीवर ठेवलेलं दूध उतू जायच्या आत भिकाजी परत.

देव काही बोलला का? नाही बोलला. देव बोलत नाही, हीच आपली मोठी सोय आहे.

भिकाजीचे वडील आबा. भिकाजीच्या आधी पूजा त्यांच्याकडे होती. असा कडक माणूस, की हिवाळा असो, पाऊस असो, पहाटे विहिरीवर गार पाण्याने अंघोळ आणि मगच देवाला हात. गावात म्हणायचे, आबा गुरवाने ऊन पाणी अंगाला लावलेलं कुणी बघितलं नाही. त्या आबांना अर्धांगवायूचा झटका आला. एक बाजू लुळी पडली, आणि जीभ जड झाली. अगदी मुके झाले नाहीत, बरं का. शब्द यायचा, पण वेळ लागायचा. आधी ओठ हलायचे, मग हनुवटी हलायची, मग कुठे आतून शब्द निघायचा.

आणि भिकाजीला वेळ नव्हता.

तो काय करी? देवाची पूजा आटोपली की त्याच कळशीतलं उरलेलं पाणी घेऊन घरी येई. आबांना उचलून न्हाणीतल्या दगडावर बसवी. तांब्यामागून तांब्या. पुसलं, धोतर नेसवलं, कपाळाला गंध, खाटेवर. देवाची पूजा आणि बापाची पूजा, दोन्ही एकाच हातासरशी. गावात नाव झालं. लोक म्हणत, मुलगा असावा तर असा.

हे नाव फक्त एका माणसाला मान्य नव्हतं. आबांना.

आबांनी आधी नुसता हात आडवा धरायला सुरुवात केली. मग तोंड फिरवायला लागले. मग एक दिवस धड असलेल्या हाताने तांब्या उचलला आणि भिकाजीच्या कपाळावर हाणला. टेंगूळ आलं, लिंबाएवढं. देवळात लोक विचारू लागले, "गुरव, हे काय?" भिकाजी म्हणे, "गाभाऱ्याचं दार लागलं." पुढच्या आठवड्यात दुसरं टेंगूळ. लोक म्हणाले, "दार उंच करून घ्या."

भिकाजीची बायको द्वारकाकाकू. ती म्हणाली, "अहो, त्यांना ऊन पाणी देऊन बघू या का? मी बंब पेटवते."

भिकाजी म्हणाला, "तुला काही कळतं का? ज्या माणसाने जन्मभर विहिरीच्या पाण्याने अंघोळ केली, त्याचं सोवळं मी म्हातारपणी मोडू? आबांना ऊन पाणी म्हणजे त्यांच्या तोंडावर मारल्यासारखं आहे."

"तोंडावर तर तेच मारतायत तुमच्या," काकू म्हणाली.

शेवटी भिकाजीचं मन विटलं. एवढं करूनही बाप तांब्या फेकतो, म्हणजे त्याला आपण नकोच आहोत. तालुक्याच्या गावी म्हाताऱ्या माणसांचा आश्रम होता. तिथे जाऊन त्याने आबांसाठी एक खाट बोलून ठेवली. ज्या घरात आबा जन्मले, ज्या घरातून रोज देवळाचा कळस बघितला, त्या घरातून त्यांना उचलायचं ठरलं. आबांना कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? उत्तर यायला वेळ लागतो ना!

इतक्यात काय झालं, मुलगी मंजिरी आणि जावई रुपेश यांचा निरोप आला. रुपेश होता एका छोट्या प्रवासी बोटीवर स्वयंपाकी. केरळाच्या बंदरातून सुटायची, लक्षद्वीपच्या बेटांना वळसा घालून परत यायची. कामगारांच्या घरच्या माणसांना वर्षातून एकदा फिरवून आणायची मुभा होती. रुपेश म्हणाला, "मामा, तुम्ही आणि मामी याच. नाही म्हणायचं नाही."

द्वारकाकाकूने नाही म्हटलंच नाही. ऐकल्याबरोबर तिने बॅग काढली.

भिकाजीने पूजेची पाळी चुलतभावाला दिली. आबांपाशी बहीण येऊन राहिली. तिला सांगितलं, आम्ही आलो की दुसऱ्या दिवशी रिक्षा बोलावून आबांना पोचवू, तोवर सांभाळ. आबा खाटेवर होते. सगळं ऐकत होते. ओठ हलले. पण तोवर भिकाजी बॅगेला कुलूप लावायला गेला होता.

आता बोट.

मंडळी, तुम्ही म्हणाल, बुवा, कीर्तनात बोट कुठून आली? अहो, कथेत देव समुद्रावर झोपलेला चालतो, मग भिकाजी समुद्रावर झोपला तर काय बिघडलं?

बोट लहानशीच. पांढरीशुभ्र, आपल्या एसटीच्या चार गाड्या एकापुढे एक लावल्यासारखी. वर खुर्च्या, खाली खोल्या. समुद्र असा निळा की धुण्याची नीळ कुणी सांडली असावी. आणि बेटं कशी? मधे माड, भोवती पांढरी वाळू, आणि वाळूभोवती पोपटी पाणी. द्वारकाकाकू कठड्याला धरून उभी राहिली ती जेवायला बोलावलं तरी हलेना. भिकाजी मात्र खुर्चीत बसून कपाळावरच्या टेंगळाला खोबरेल चोळत होता आणि आबांच्या अन्यायाची उजळणी करत होता. माणूस कितीही लांब जाऊ दे, स्वतःचं गाऱ्हाणं बरोबर नेतोच. त्याला सामानाच्या वजनाची मर्यादा नाही.

त्या बोटीवर एक स्पा होता.

स्पा म्हणजे काय, विचारा. मलाही कुणीतरी सांगितलंय. स्पा म्हणजे अभ्यंगस्नान. तेल, उटणं, ऊन पाणी, सुवास, सगळं तेच. फरक एवढाच, की त्याला दिवाळी लागत नाही.

रुपेशने सासू-सासऱ्यांसाठी सांगून ठेवलं होतं. काकू आधी गेली. तिच्यासाठी तिथे एक बाई होती. काकू गेली ती बराच वेळ आली नाही. भिकाजी काळजीत. बोट लहान, पण बायको हरवण्याइतकी मोठी होती. अखेर काकू आली. चेहरा असा तुकतुकीत, केसांत फूल, आणि चाल अशी की जमिनीला पाय लागतात की नाही!

"एवढा वेळ?" भिकाजीने विचारलं.

"मी उठतच नव्हते," काकू म्हणाली. "ती बाई म्हणाली, झालं. मी म्हटलं, शेजारती राहिलीय, ती कर."

"देवाची थट्टा करू नकोस."

"थट्टा कसली? लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून सगळ्यांच्या पाठी मीच रगडल्या. माझी पाठ कुठे असते, ते आज कळलं. जा तुम्ही. आणि टेंगूळ दाखवा त्यांना."

भिकाजी गेला. जिना उतरून खाली एक खोली. दाराशी बुटांचा कप्पा, आत मंद उजेड, बासरी वाजतेय, पण वाजवणारा कुठे दिसत नाही. गवती चहाचा वास सुटलेला. भिकाजीने इकडे तिकडे बघितलं, चहा कुठे दिसेना. भिंतीत गोल काच, त्यातून समुद्राची रेघ खालीवर होतेय. आणि समोर उभा एक गडी. चाळिशीचा, जाड मिशा, पांढरा सदरा. नाव जोबी. केरळचा. त्याचं हिंदी मोडकं, भिकाजीचं त्याहून मोडकं. म्हणजे दोघांचं चांगलं जमणार.

जोबीने हात जोडले आणि त्याला वेताच्या खुर्चीत बसवलं.

भिकाजी मनात म्हणाला, आसन.

जोबीने पितळी घंगाळ आणलं. पाण्यावर जास्वंदाच्या पाकळ्या. खाली बसला आणि भिकाजीचे पाय त्यात घेऊन धुवायला लागला.

भिकाजी दचकला. पाद्य! मंडळी, पूजेत देवाचे पाय धुतात, त्याला पाद्य म्हणतात. मी वाचायला उशिरा शिकलो, पण पूजेच्या पोथीत बोट ठेवून एवढं वाचलंय. मग जोबीने काचेच्या पेल्यात लिंबाचं पाणी दिलं. भिकाजीने ते तळहातावर घेतलं, तीन वेळा ओठांना लावलं आणि उरलेलं खाली सोडलं. आचमन झालं. जोबी बघतच राहिला. पण पाहुण्याला काही बोलायचं नाही, हा त्याच्या धंद्याचा नियम. त्याने मुकाट्याने फडकं आणून लादी पुसली.

आता भिकाजीच्या लक्षात सगळा प्रकार आला. इथे पूजा चालली आहे. आणि आज मूर्ती आहोत आपण.

तुम्ही हसता. पण त्याच्या जागी तुम्ही असता तर? ज्याने जन्मभर एकच काम केलं, त्याला जगात दुसरं काही दिसतच नाही. शिंपी देवळात गेला तर देवाच्या अंगरख्याची शिवण बघतो. भिकाजीला घाम फुटला. आपण माणूस, आपली पूजा म्हणजे पाप. पण उठून जावं, तर मधेच मूर्ती हलली म्हणजे मोठा अपशकुन. पूजेत मूर्ती हलली तर गावावर संकट येतं. इथे तर गावच नाही, खाली नुसता समुद्र. बोट बुडाली तर?

म्हणून भिकाजीने ठरवलं. काही झालं तरी हलायचं नाही आणि बोलायचं नाही.

गोदाआजी हात वर करताहेत. हो आजी, कळलं, तुम्हाला पुढचं ऐकायची घाई झालीय. येतोच तिकडे. बसा निवांत.

जोबीने पडदा ओढला, पंचा ठेवला आणि आपण बाहेर गेला. भिकाजी पंचा नेसून लाकडी बाकावर पालथा पडला. त्या बाकाला तोंडाच्या जागी एक भोक असतं. त्यात तोंड घातलं, तर खाली जमिनीवर एक पसरट भांडं, त्यात पाणी, पाण्यावर फुलं. भिकाजी मनात म्हणाला, आमचा देव वरून बघतो तेव्हा त्याला निर्माल्य असं दिसत असेल.

मग तेल. कोमट खोबरेल, पाठीवर सावकाश. बोट डुलली की जोबी पाय फाकून उभा राही, पण हात सुटत नसे. खांदा, मान, कंबर. भिकाजीच्या हाडांत कुठे कुठे काय काय अडकलं होतं, ते एकेक सुटायला लागलं. नंतर मीठ आणि ओल्या खोबऱ्याचं उटणं. ते ऊन फडक्याने टिपून घेतलं. जोबी बाकाच्या या बाजूने त्या बाजूला गेला. भिकाजी मनात म्हणाला, प्रदक्षिणा. धूप घमघमत होता. असं सुख, मंडळी, की देवांना अमृत का लागतं कोण जाणे, त्यांनी खोबरेल मागायला हवं होतं!

आणि इथे घात झाला. जोबीने ऊन पाण्यातले गुळगुळीत काळे दगड काढले आणि त्यातला एक पाठीच्या मणक्यावर ठेवला.

दगड होता गरम. जरा जास्तच.

"ठीक है, अंकल?" जोबीने विचारलं.

भिकाजी गप्प. मूर्ती बोलते का?

"गरम ठीक है, अंकल?"

भिकाजीने दात आवळले. पाठ पोळतेय, डोळ्यांत पाणी आलंय, पण तोंडातून हूं नाही. आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बोलत नाही म्हणजे बरंच आहे, आणि दुसरा दगड ठेवला असता. बरोबर ना? आपण सगळे तेच करतो. पण जोबीने काय केलं? त्याने तो दगड उचलला. बाजूला ठेवला. आणि बाकाशेजारी गुडघ्यावर बसून भोकाखालून भिकाजीच्या तोंडाकडे बघितलं. म्हणाला, "आप बोलो अंकल. आप बोलेगा, तब रखेगा."

आणि तो थांबला.

आता भिकाजीला बोलायचं होतं. पण गरम म्हणजे हिंदीत गरमच, पण जास्त गरम कसं सांगायचं? पोळतंय म्हणजे काय म्हणायचं? तोंड भोकात दाबलेलं, गाल वर गेलेले, ओठ चंबूसारखे झालेले. ओठ हलले. हनुवटी हलली. शब्द येईना.

जोबी थांबलाच होता. बोट एकदा वर गेली. एकदा खाली आली. बासरी वाजत होती.

त्या फुलांच्या पाण्यात भिकाजीला स्वतःचं तोंड दिसलं. हलणारे ओठ, हलणारी हनुवटी, आणि शब्द नाही. हे तोंड त्याने कुठे पाहिलं होतं?

न्हाणीतल्या दगडावर.

रोज पाहिलं होतं. रोज ते ओठ हलायला लागत, आणि रोज हा पुढचा तांब्या ओती.

शेवटी शब्द आला. "जास्त है," भिकाजी म्हणाला.

"अच्छा," जोबी म्हणाला. दगड गार पाण्यात बुडवला, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघितला, मग ठेवला. "अब?"

"ठीक है," भिकाजी म्हणाला, आणि फुलांच्या भांड्यात दोन थेंब पडले.

"दर्द है, अंकल?"

"नाही. नहीं. तू कर."

पुढे जोबीने त्याला उताणं केलं, तोंडाला चंदनाचा लेप लावला. लावताना टेंगळापाशी हात थांबवून परत विचारलं. मग डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या. भिकाजीच्या हिशेबाने धुपानंतर नैवेद्यच यायला हवा होता. त्याने देवासारखी थोडी वाट बघितली, आणि माणसासारखा त्या खाऊन टाकल्या. जोबीने दुसऱ्या आणून दिल्या.

वर आला तर द्वारकाकाकू चहा घेत बसली होती. भिकाजी समोर बसला आणि म्हणाला, "चहा बरा आहे का गं? साखर पुरली?"

काकूने कप खाली ठेवला. एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिने पहिल्यांदा ऐकला होता. तिने त्याच्या कपाळाला हात लावला. म्हणाली, "ऊन लागलं का तुम्हाला? की त्याने डोक्यावर दगड ठेवला?"

"मला घरी जायचंय," भिकाजी म्हणाला.

"आता? मधे समुद्र आहे. उतरून चालत जाणार?"

मग त्याने सगळं सांगितलं. काकूने ऐकलं. बंबाची गोष्ट ती बोलून दाखवेल, असं त्याला वाटलं होतं. ती बोलली नाही. नुसतं एवढंच म्हणाली, "बोट बंदराला लागेल तेव्हा लागेल. तोवर सराव करा." आणि भिकाजीने सराव केला. उरलेल्या दिवसांत त्याने बोटीवर दिसेल त्याला विचारलं. खलाशाला विचारलं, ठीक है? वाढप्याला विचारलं, ठीक है? एका बेटावर तर तो उथळ पाण्यात उभा राहून पायाशी फिरणाऱ्या माशांना विचारत होता. विचारायचं आणि थांबायचं. विचारणं सोपं, मंडळी. थांबायला दम लागतो.

घरी आले. बहीण दारातच होती. म्हणाली, "दादा, मला त्यांनी अंगाला हात लावू दिला नाही. आठवडाभर अंघोळ नाही. खातात तेही माझ्याकडे न बघता. रिक्षावाल्याला मी सांगितलंय, उद्या सकाळी येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा अंगणात येऊन उभी राहिली. काकूने बंब पेटवला होता. भिकाजीने आबांना उचललं, न्हाणीतल्या दगडावर बसवलं. आबांनी अंगणात रिक्षा बघितली. आणि हात तांब्याकडे गेला.

भिकाजीने तांब्या काढून घेतला नाही. तो समोर उकिडवा बसला. ओंजळीत ऊन पाणी घेतलं, आबांच्या धड असलेल्या हातावर थोडंसं सोडलं, आणि विचारलं, "आबा, पाणी बरं आहे का?"

आबा बघत राहिले.

बाहेर रिक्षावाल्याने पोंगा वाजवला. "काका, निघायचं ना? मला परत एक भाडं आहे."

"थांब," भिकाजी म्हणाला.

आबांचे ओठ हलले. हनुवटी हलली. भिकाजीचा हात सवयीने तांब्याकडे गेला, त्याने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. पोंगा परत वाजला. काकूने पदराने डोळे पुसत बाहेर जाऊन रिक्षावाल्याला काहीतरी सांगितलं, पोंगा बंद झाला. परसात कोंबडी फिरत होती. बंबातून धूर येत होता. भिकाजी बसून राहिला.

मग आबांच्या आतून कुठून तरी शब्द आला. "ब... बरं आहे."

भिकाजीला रडू कोसळलं. म्हणाला, "आबा, तुमचं सोवळं मोडलं का?"

परत ओठ. परत हनुवटी. आता भिकाजीला घाई नव्हती.

"मला," आबा म्हणाले, "जन्मभर... गारच... वाटत होतं."

ऐकलंत? ज्या गार पाण्याची गावाने ख्याती गायली, ज्याच्यावर मुलाने आपला धर्म बांधला, ते गार पाणी त्या माणसाला रोज गार वाटत होतं! त्याने कुणाला सांगितलं नाही. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या बापाने शिकवलं, त्याने घेतलं, त्याने भिकाजीला शिकवलं.

काकू दारात हसायला लागली. आबाही हसले, एका बाजूने. भिकाजी रडत रडत पाणी घालत होता, थोडं थोडं, आणि मधे मधे विचारत होता. अंघोळीला इतका वेळ लागला की रिक्षावाला कंटाळून उतरला आणि ओट्यावर चहा पिऊन रिकामी रिक्षा घेऊन गेला. आश्रमातल्या त्या खाटेवर दुसरं कुणी आलं असेल. आबा मात्र त्या घरातून गेले नाहीत.

एवढ्यावर संपत नाही. अंग पुसून झालं तेव्हा आबांनी बोट वर केलं. देवळाच्या कळसाकडे. आणि म्हणाले, "त्या... त्याला?"

भिकाजी समजला. तेव्हापासून थंडीच्या दिवसांत भैरीच्या कळशीत तो तांब्याभर ऊन पाणी मिसळायचा. ओतायच्या आधी मनगटाला लावायचा. मूर्तीसमोर उभा राहायचा आणि बोटीवरच्या सवयीने हळूच विचारायचा, "ठीक है?" गावात कुजबुज झाली. गुरव देवाशी हिंदीत बोलतो! पंच विचारायला आले. म्हणाले, "देव काय उत्तर देतो?"

भिकाजी म्हणाला, "अजून दिलं नाही. मी थांबलोय."

मंडळी, आपण कुणाकुणाची सेवा करतो! म्हाताऱ्या आईच्या ताटात आपल्या आवडीचं वाढतो. बायकोला आपल्याला आवडलेल्या रंगाची साडी आणतो. पाहुण्याला पोट फुटेस्तोवर आग्रह करतो आणि म्हणतो, बघा, काही कमी केलं नाही. ओतत राहतो. समोरच्याचे ओठ हलत असतात, आपण म्हणतो, आभार मानत असेल. आज घरी गेल्यावर एकाला तरी विचारा, बरं आहे का? आणि विचारून चहा प्यायला जाऊ नका. तिथेच थांबा.

सांगणाऱ्याने आधी स्वतः करावं. मी इतका वेळ तुमच्या कानात ओततोय. म्हणून विचारतो. गोदाआजी, तुम्ही सगळ्यांत वडील, मघापासून दोन्ही हात वर करताय. ऐकू आलं ना नीट? बरं आहे ना?

थांबा, पेटी बंद करा. आजींना बोलू द्या. हं, सांगा आजी. सावकाश सांगा.

काय म्हणता?

मंडळी, आजी म्हणताहेत, हा मेला कर्णा बरोबर माझ्या डोक्यावर आहे, कान बधिर झाला, पहिल्यापासून सांगतेय मला माझ्या खांबापाशी जाऊ दे, तर हा बुवा आभार कसले म्हणतो.

वाट द्या. वाट द्या आजींना. नाही, आरती सुरू करू नका कुणी. आजी खांबाला टेकून नीट बसू देत, आणि त्यांनी हो म्हटल्यावर मग घंटा वाजवा. तोवर आपण सगळे थांबू.